उन्हाच्या बंबातलं पाणी

पोलीस चौकी, खोपोली. पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा.
तारीख १२ मे १९३१, मंगळवार. सकाळी साडेदहा.

माझं नाव सुंदराबाई. वय पंचेचाळीस धरा, नक्की कुणी मांडून ठेवलेलं नाही. जात कुणबी. धंदा शेठच्या बंगल्याची राखण आणि झाडलोट. राहणार बंगल्याच्या आवारातली खोली, घाटाच्या पायथ्याशी, खोपोली. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. ते सोबत आलेले पोलीस पाटील धाऊ मते यांनी सांगितलं, सहदेव घारे म्हणून, आणि जमादार आबाजी कडू यांनी लिहून घेतलं. मी समक्ष हजर राहून जबाब देते की,

बाकी सगळं मागाहून, आधी हे लिहा. जांभळीच्या ठाकरवाडीवर आज लग्न आहे. जना ठाकरीण हिच्या लेकीचं, ठकीचं. जनाच्या झोपडीत पाणी भरायचा एक वाळका भोपळा आहे, तीन शेरांचा. त्यात दारू आहे असं जनाला वाटतंय. ती दारू नाही. ती पिऊन माझ्या नवऱ्याचे डोळे गेले. तो बाहेर ओट्यावर बसलाय, बघून घ्या. वऱ्हाड ऊन कलता कलता येईल, आणि आल्याबरोबर सोयऱ्यांच्या हातात वाटी देतात ही त्यांची पद्धत. जमादारसाहेब म्हणाले, बाई, क्रमानं सांगा, काय घडलं ते कागदावर आल्याशिवाय मला माणूस हलवता येत नाही. म्हणून क्रमानं सांगते. पण तुम्ही हात जरा चालवा.

बंगला मुंबईच्या पेस्तनशेठचा. आम्ही दोघं तिथं अठरा वर्षं आहोत. शेठना यंत्रांचं भारी वेड. दहा-अकरा वर्षांमागं त्यांनी अमेरिकेतून बोटीनं एक पेटी मागवली. बाजेएवढी लांब, आत काळा पत्रा, त्यावर नागमोडी तांब्याची नळी, आणि वरून काच. ती दक्षिणेकडच्या कौलांवर बसवली. आम्ही तिला उन्हाचा बंब म्हणायचो, कारण काडी न जाळता, नुसत्या उन्हावर, दुपारपर्यंत मोरीतल्या नळाला कढत पाणी यायचं. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची. जना आमच्याकडं मोळी घालते, तीही आली होती. तिनं धारेखाली हात धरला, चटका बसला तसा मागं घेतला आणि म्हणाली, "बाय, आता माजी मोळी कोन घेनार?" मी म्हटलं, "पावसाळ्यात लागंलच की गं, जने." तेव्हा ती हसली.

आता मुद्द्याचं. त्या काळ्या पेटीतल्या नळीत पाणी नव्हतं. आंघोळीचं पाणी टाकीतलं, ते वेगळं. नळीतलं आतल्या आत फिरायचं आणि टाकीला ऊब द्यायचं, बाहेर नळाला कधी येत नव्हतं. शेठ सांगायचे, अमेरिकेत थंडीनं पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून तिथले लोक न गोठणारं औषध भरून देतात. खोपोलीत कसलं आलंय गोठणं! पण कागदावर लिहिलंय तसंच करायचं हा शेठचा स्वभाव. दर दोन वर्षांनी ते स्वतः शिडी लावून चढायचे, स्वतःच्या हातानं डबा ओतायचे, उरलेला डबा कपाटात ठेवायचे आणि कपाटाला कुलूप लावायचे. आम्हाला हात लावू देत नव्हते. का, ते सांगितलं असेल तर इंग्रजीत सांगितलं असेल. आम्ही आपलं धरून चाललो की शेठ कुलपात ठेवतात म्हणजे चीज भारीच असणार. केशर, चांदीची भांडी, विलायती बाटल्या, हेच आम्ही त्या कपाटात बघत आलो होतो.

विचारल्यावरून सांगते की शेठ वारून सहा वर्षं झाली. तेव्हापासून बंगला बंद आहे. उन्हाचा बंब कुणी वापरला नाही. काच तडकली, आत पालापाचोळा साठला, खालचे वासे कुजले. यंदा शेठच्या मुलाचं पत्र आलं की पावसाच्या आत कौलं परतून घ्या आणि ती पेटी खाली उतरवा. नळीत काही शिल्लक आहे असं पत्रात नव्हतं. मुलाला तरी कुठं ठाऊक असणार.

रविवारी, तारीख दहाला, तिसऱ्या प्रहरी माझा नवरा कौलांवर चढला. पेटी कलती केली तशी आत काहीतरी डुचमळलं. त्यानं चावी लावून नळीचं तोंड सैल केलं आणि वरूनच ओरडला, "अगं, शेठनं नळीत दारू भरून ठेवलीया!" वास मलाही खाली आला. दारूसारखाच, पण त्यात काहीतरी उग्र होतं, रंगाच्या डब्यासारखं. मी पदर नाकाला लावला. नवऱ्यानं बागेतली रबरी नळी मागितली, एक टोक आत घातलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. तोंडात आलं ते थुंकायचं, तर थुंकला नाही. म्हणाला, "घसा जाळतंय, पन माल इलायती हाय." वरच तीन-चार घोट घेतले. खाली उतरल्यावर अर्धा पेला आणखी. तो रोजचा पिणारा नाही, हे लिहा. शिमगा आणि लग्नकार्य, एवढंच. तेही कुणी दिली तर.

त्याच वेळेला जना आली होती. लग्नाचं सांगायला. म्हणाली, "मंगळवारी ठकीचं लगीन हाय. तुमी दोगांनी यायचं, सुंदराबाय. नाय म्हनायचं नाय." मी म्हटलं, बघू. तिच्या खांद्याला तिचा भोपळा होता, वाटेतलं पाणी त्यात असतं. नळीतलं काढून ठेवायला आम्हाला भांडं पाहिजे होतं. आमच्या पितळेच्या भांड्याला तो वास लावायचं माझ्या मनात नव्हतं, म्हणून मी जनाचा भोपळा मागितला. तिनं त्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि भोपळा दिला. त्या उन्हाची ती पाण्याशिवाय घाट चढून गेली. हे माझ्या आज सकाळी ध्यानात आलं, तेव्हा आलं नव्हतं.

भोपळा गळ्यापर्यंत भरला. बाकीचं परसात सोडून दिलं, आळवाच्या वाफ्यात.

सोमवारी नवरा उठला तो डोकं धरून. दोनदा उलटी झाली. मला वाटलं कौलांवरचं ऊन बाधलं. कांद्याचा रस दिला, तळपायाला लावला, कैरीचं पन्हं केलं. दहाच्या सुमाराला जना भोपळा न्यायला आली, लग्नघरात भांड्यांची ओढ होती. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आमच्याकडची रीत. शेजारणीचं पातेलं असो की कुणाची वाटी, निदान चार दाणे तरी घालून परत करायची. भोपळा भरलेलाच होता. तो मी तसाच दिला. म्हटलं, "घे, लग्नाला होईल." जनानं बूच काढून वास घेतला, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "बाय, एवडं?" आणि भोपळा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मी आत निघून गेले, नवरा ओकत होता.

(जबाब देणार बाई या ठिकाणी उठून बाहेर जाऊन आली. नवऱ्यास पाणी पाजले. जबाब पुढे घेतला.)

सोमवारी दिवेलागणीला नवरा म्हणाला, दिव्याची वात पुसट दिसते, डोळ्यांपुढं कुणी पीठ चाळतंय असं वाटतं. मी म्हटलं, झोपा, सकाळी उतरेल. आज सकाळी मी अंगणात सडा घालत होते. घाटावरून ऊन खाली आलं होतं, ओट्यावर पसरलं होतं. नवरा ओट्यावर येऊन बसला. ऊन सरळ त्याच्या तोंडावर. आणि मला विचारतो, "अजून उजाडलं नाय का गं?"

मी परसात पळाले. कशाला पळाले तेही सांगता येत नाही. तिथं आळवाचा अख्खा वाफा जळून काळा पडला होता, कुणी निखारे टाकल्यासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हे ऊन बाधलेलं नाही.

धाऊ पाटलांची गाडी जोडून आम्ही दवाखान्यात गेलो. पेल्याच्या तळाशी थोडं राहिलं होतं, तो पेला मी पदराखाली नेला होता. डॉक्टरांनी वास घेतला, बशीत चार थेंब ओतून काडी लावली. जाळ दिसेना, पण वर कागद धरला तर पेटला. डॉक्टर म्हणाले, "हा लाकडापासून काढलेला स्पिरिट दिसतो, पाण्यात मिसळलेला. यंत्राला घालायचा, माणसाला नाही. थोड्यानं डोळे जातात, जास्तीनं जीव. आणि लगेच कळत नाही, एक दिवस जातो." मग त्यांनी विचारलं, आणखी कुणी प्यालं का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला भोपळा दिसला.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती आपल्याकडं जमा आहे. त्यांनी सांगितलं की यांना साडेबाराच्या गाडीनं कर्जतला न्या, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. प्रश्न तासांचा आहे, काही राहिलं असेल तर तिथंच राखतील. मी विचारलं, राहील का? ते म्हणाले, बाई, गाडी चुकवू नका.

इतकं सांगून झाल्यावर जमादारसाहेबांनी शिपाई पोपट यास हाक मारून वाडीवर जाऊन भोपळा जप्त करण्यास सांगितलं. यावर मी सांगते की, पोपट शिपायाला पाठवू नका. तो गेला तर माणसं मेली म्हणून समजा.

(बाई दारात आडवी उभी राहिली. समज देऊन बसविली.)

का, ते सांगते. गेल्या साली होळीच्या आधी अबकारीवाले त्या वाडीवर गेले होते. मडकी फोडली, दोन माणसं बांधून नेली. तेव्हापासून वाडीच्या खालच्या आंब्यावर बायका नजर ठेवतात. पगडी आणि पट्टा दिसला की आरोळी जाते. आरोळी गेली की जिथं असेल तिथली दारू जमिनीत नाहीतर पोटात. मडकं फुटण्यापरीस पोटात गेलेलं बरं, असं वाघ्या म्हणतो. वाघ्या म्हणजे जनाचा भाऊ. लग्नाची दारू, त्यात पाहुणे बसलेले. पोपटराव वाटेनं दिसायचा अवकाश, तो भोपळा दहा जण मिळून घटाघटा संपवतील. आणि पुरला, तर चार दिवसांनी उकरून पितील. तुम्ही हातानं उचलून दिल्यासारखं होईल.

विचारल्यावरून सांगते की होय, मी एकटी गेले तर आरोळी होणार नाही, मला ओळखतात. पण मी सांगितलेलं जना ऐकेल का, असं विचारल्यावरून सांगते की नाही ऐकणार. दोन वर्षांमागं आमची पितळेची तपेली सापडेना. मी जनाचं नाव घेतलं. चारचौघांत घेतलं, धाऊ पाटील इथंच आहेत, विचारा. पुढं तपेली विहिरीत सापडली. जनाला मी ते कळवलं नाही. ती आपली मोळी घेऊन येत राहिली. आता मी जाऊन म्हणणार, जने, तो भोपळा परत दे, त्यात विष आहे. ती म्हणेल, बाईला हळहळ लागली, दिलेलं परत न्यायला आली. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

पाटील म्हणाले, मी सांगतो जाऊन. पण पाटील म्हणजे तुमचाच माणूस. ते सोबत असतानाही तिथं मडकी फुटली आहेत.

यावेळी नवरा ओट्यावरून बोलला. त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "मला न्या वर. माजं तोंड बगतील तर ऐकतील."

मी नको म्हटलं. हे लिहा, मी नको म्हटलं. साडेबाराला गाडी आहे. वाडीवर चढायला धडधाकट माणसाला दीड तास, आणि धरून धरून न्यायचा तर अडीच. गाडी जाणार. मी त्याला म्हटलं, तुमचे डोळे आधी, मग दुनिया. तो म्हणाला, "दुनिया नाय गं. ठकी हाय. आपल्या अंगनात खेळलीया." मी काहीही बोलले त्याला. इथं लिहिण्यासारखं नाही ते. मूल नाही आम्हाला. हा एकच माणूस आहे मला.

आता अकरा वाजून गेलेत असं जमादारसाहेब सांगतात. गाडीला दीड तास आहे आणि वऱ्हाडाला तीन. मी दुसरं काही सुचतंय का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणाला सुचलं नाही.

मी नवऱ्याला घेऊन वाडीवर जाते. पोपट शिपायानं पगडी, पट्टा आणि बूट इथं काढून ठेवावेत आणि त्याची दुसरी बाजू धरावी. एवढी सरकारनं मदत करावी.

हा जबाब मला भरभर वाचून दाखवला, तो मी उभ्या उभ्या ऐकला. मी सांगितलं तसाच आहे. खुणेला डाव्या हाताचा अंगठा दिला.

समक्ष: जमादार आबाजी कडू.

पुरवणी जबाब.
तारीख २१ मे १९३१, गुरुवार. दुपारी तीन. चौकी तीच.

मी सुंदराबाई, वय, धंदा, पत्ता मागील जबाबात आहे. पुन्हा बोलावल्यावरून हजर होऊन सांगते की,

मंगळवारी आम्ही तिघं चौकीतून निघालो. एका हाताला मी, एका हाताला पोपट शिपाई, अनवाणी. खडी वाट आहे. नवरा तीन वेळा पडला. दुसऱ्या टेपावर पोचलो तेव्हा खालून गाडीची शिटी ऐकू आली. आम्ही चढत राहिलो.

वाडीच्या खालच्या आंब्यापाशी चिंधी म्हणून म्हातारी बसली होती. तिनं मला ओळखलं, आरोळी दिली नाही. मांडवात पोचलो तेव्हा वऱ्हाड येऊन बसलं होतं. वाट्या फिरत होत्या. मी ओरडले, पिऊ नका, ठेवा ते खाली! सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. जना पुढं आली. नवं लुगडं नेसली होती. म्हणाली, "बाय, ती मोहाची हाय, आमच्या हातची. तुमाला काय पायजे?"

मी सांगितलं, भोपळ्यात विष आहे. जनाचं तोंड आधी हसरं होतं ते उतरलं. वाघ्या म्हणाला, "काल दिलं, आज त्याचं इख कसं झालं? परत पायजे तर परत पायजे म्हना." दोघं-तिघं हसले. नवरदेवाकडच्यांपैकी एक जण म्हणाला, बंगल्याची माणसं अशीच, देणार आणि जीव त्यातच टांगून ठेवणार. मी डॉक्टरांचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं, आळवाचं सांगितलं. कुणाला पटत नव्हतं. शपथ घेतली तीही पटली नाही.

मग नवऱ्यानं माझा हात सोडला. दोन पावलं पुढं गेला आणि म्हणाला, "वाघ्या कुटं हाय? वाघ्याशी बोलू द्या मला." वाघ्या त्याच्या समोर उभा होता. वीतभर अंतरावर.

वाघ्यानं चुलीतली पेटती काटकी आणली आणि नवऱ्याच्या डोळ्यांपुढून फिरवली. पापणी हलली नाही. दुसऱ्यांदा अगदी जवळून फिरवली, भुवईचे केस करपले. नवरा ऊब लागली तशी मान वळवून म्हणाला, "चूल हिकडं हाय का?" तेव्हा वाघ्यानं काटकी टाकली आणि खाली बसला.

जना आत गेली. भोपळा तिनं आढ्याला टांगला होता, कोऱ्या फडक्यात बांधून. बूच लाखेनं बंद केलं होतं. विचारल्यावरून सांगते की त्यातलं कुणी एक थेंब प्यालं नव्हतं. जना म्हणाली, "ह्ये मी सगळ्यांना नव्हते देनार. नवरदेवाच्या आयबापाला एक एक वाटी देनार व्हते. बंगल्यावरून आलंय, सुंदराबायनं आपल्या हातानं दिलंय, असं सांगनार व्हते."

मग तिनं मला विचारलं, "तुमी का नाय प्यालात? तुमच्या पाव्हन्यांना का नाय ठेवलंत?" सगळे ऐकत होते. मग तिनं वाडीबाहेर कातळावर जाऊन भोपळा उपडा केला आणि दगडानं फोडला. पोपट शिपाई साक्षीला आहे.

वाडीतल्या माणसांनी घोंगडीची झोळी केली. नवऱ्याला झोळीत घालून खाली आणला, वाहणाऱ्यांत खुद्द नवरदेव होता, हळदीच्या अंगानं. संध्याकाळची गाडी मिळाली. जना गाडीपर्यंत आली नाही, तिच्या घरी लग्न होतं.

मुंबईच्या इस्पितळात आठ दिवस होतो. जीव वाचला. गेलेले डोळे परत आले नाहीत. उजेड-अंधारही कळत नाही. दुपारच्या गाडीनं आणला असता तर काय झालं असतं, असं मी तिथल्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला म्हणाले, सांगता येत नाही. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. नवरा याबद्दल मला काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बंगल्यावरची पेटी अजून अंगणात पडली आहे. तिच्यात आणखी काही शिल्लक आहे का, ते सरकारनं माणूस पाठवून बघावं. मी तिच्याजवळ जात नाही. शेठच्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. जनाबद्दल नाही. कुणाबद्दलच नाही.

हा जबाब जमादारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात त्यांनी माझ्यावर दया करून, भोपळा नजरचुकीने भरलेला गेला, असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. माझी नजर चांगली आहे. घरात तांदूळ होते, मूठभर घालून देता आले असते. त्याचा वास मी घेतला होता, माझ्या माणसांना मी ते दिलं नसतं. ठाकरांना काय, चालतं, म्हणून दिलं. तसं लिहिल्यावर पुन्हा वाचून घेतलं. आता बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा, सुंदराबाई.